भेसळ म्हणू नये

दोन धर्मांची सरमिसळ दिसली की आपण ‘भेसळ’ म्हणून मोकळे होतो. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो.

क्यूबात गुलाम म्हणून नेलेल्या योरुबा लोकांनी आपला मेघगर्जनेचा देव शांगो कॅथलिकांच्या संत बार्बराच्या रूपात पुजला. गोव्यात पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय १५६० साली आले. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने ख्रिस्ती झालेल्यांना दारी तुळस लावण्याचीही बंदी केली. तरीही म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण ही शिरगावच्या लईराईची बहीण, असे गोवेकर आजही मानतात. सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल वाहतात.

फार दूर कशाला? आमच्या अमझेऱ्याच्या अंबिकेच्या देवळातून रुक्मिणीहरण झाले म्हणतात. वऱ्हाडातले कौंडिण्यपूरही तेच सांगते. एका कथेला दोन गावे आपल्याला चालतात, मग एका श्रद्धेला दोन नावे का खुपावीत?

मात्र या सलोख्याचे गोडवे गाताना जबरदस्तीवर पांघरूण घालू नये. सत्तेने देव बदलायला लावले, सामान्य माणसांनी त्यांच्यात बहिणीचे नाते जोडले. श्रेय द्यायचे ते या माणसांना.