फिल्मवरचा पांढरा डाग

आजीच्या भाषेत लकवा, पेपरच्या भाषेत पक्षाघात आणि आपल्या ऑफिसच्या भाषेत ‘ब्रेन अटॅक’. नाव काहीही द्या, सीन तोच. तोंड एका बाजूला वाकडं होतं, हात लुळा पडतो, जीभ जड होते. अशा वेळी घरातला कुणीतरी शहाणा हमखास औषधांच्या डब्याकडे धावतो, ‘आधी अ‍ॅस्पिरिन द्या, रक्त पातळ होईल!’

एक मिनिट, बॉस. आजचा कॉलम याच गोळीबद्दल आहे.

फंडा सिंपल आहे. स्ट्रोक दोन प्रकारचे. एकात मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, दुसऱ्यात ती फुटते आणि रक्त मेंदूत सांडतं. पहिला प्रकार जास्त आढळतो, दुसरा जास्त जिवावर बेततो. भयंकर डोकेदुखी, उलट्या, झापड अशी लक्षणं दिसली की रक्तस्रावाची शंका येते. पण नुसतं बघून खात्री देणं मुरलेल्या न्यूरॉलॉजिस्टलाही जमत नाही. आणि उपचार तर एकदम उलटे! गुठळी असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन, तेही साडेचार तासांच्या आत. वाहिनी फुटली असेल तर तेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. घरच्या अ‍ॅस्पिरिनचाही इथे उपयोग शून्य, धोका मात्र खरा.

हा निकाल देतो साधा सीटी स्कॅन. काही मिनिटांचं काम. हे मशीन बनवलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने, तेही बीटल्सच्या रेकॉर्ड्स काढणाऱ्या ईएमआय कंपनीत. पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला १ ऑक्टोबर १९७१ रोजी, लंडनमध्ये. १९७९ मध्ये साहेबांना नोबेल मिळालं. त्यांच्याच नावाच्या मोजपट्टीवर पाणी ० वर, मेंदू साधारण ३० ते ४० वर आणि ताजं गोठलेलं रक्त ६० ते ८० वर असतं. आकडा जितका मोठा, तितका फिल्मवरचा रंग पांढरा. म्हणून करड्या मेंदूत सांडलेलं रक्त पांढऱ्या डागासारखं उठून दिसतं. गंमत म्हणजे गुठळीच्या स्ट्रोकमध्ये सुरुवातीच्या तासांत स्कॅन बऱ्याचदा नॉर्मल दिसतो. म्हणजे ‘स्कॅन नॉर्मल आहे’ याचा अर्थ ‘चला घरी’ असा नाही. अर्थ एवढाच, की रक्तस्राव दिसत नाही.

डाग दिसलाच तर डॉक्टर त्याला तीन प्रश्न विचारतात.

पहिला, कुठे? मेंदूच्या आत खोलवर, बेसल गँग्लिया किंवा थॅलॅमस या भागात असेल, तर संशयित नंबर वन म्हणजे वर्षानुवर्षं अंगावर काढलेलं बीपी. डाग वरच्या थराजवळ असेल आणि पेशंट सत्तरीपुढचा, तर वाहिन्यांच्या भिंतीत साठलेलं अ‍ॅमिलॉइड नावाचं प्रोटीन कारण असू शकतं. पेशंट तिशीतला असेल तर जन्मतःच गुंतलेल्या रक्तवाहिन्यांचं जाळं शोधावं लागतं. त्यासाठी सीटी अँजिओग्राफी.

दुसरा, किती? इथे शाळेतलं गणित कामी येतं. डागाची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणायची आणि दोनने भागायचं. ५, ४ आणि ३ चे झाले ६०, त्याचे निम्मे ३० मिली. म्हणजे जेमतेम दोन टेबलस्पून, कटिंग चहापेक्षाही कमी. पण बंद कवटीत एवढं रक्तही फार होतं. ३० मिलीच्या वर गेलं की धोका बराच वाढतो.

तिसरा, रक्त पसरतंय का? मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांमध्ये ते उतरलं तर पाण्याचा निचरा तुंबतो. आणि डाग पहिल्या काही तासांत मोठाही होऊ शकतो. म्हणून तर डॉक्टर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन करायला सांगतात. नातेवाइकांना वाटतं, बिल वाढवतायत. खरं तर पहिला फोटो आणि दुसरा फोटो यांतला फरकच ठरवतो, की थांबायचं, आयसीयूत हलवायचं की ऑपरेशन करायचं.

पुढच्या काही आठवड्यांत पांढरा डाग करडा होतो, मग काळपट. ‘डाग गेला’ म्हणून पेढे वाटू नका. रक्त विरघळतं, पण मोडलेल्या पेशी परत येत नाहीत. हात-पाय किती सुधारले ते फिजिओथेरपीच्या टेबलावर कळतं, फिल्मवर नाही. सांडलेल्या रक्तातलं लोह तर तिथे वर्षानुवर्षं राहतं आणि विशिष्ट एमआरआयमध्ये काळं दिसतं. कधी असे बारीक काळे ठिपके कधीच स्ट्रोक न झालेल्या माणसातही सापडतात. अशा वेळी रक्त पातळ करायचं औषध सुरू करताना डॉक्टर दोनदा विचार करतात.

आता बीपीकडे येऊ. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. १२ एप्रिल १९४५ रोजी, चित्रकारासमोर पोर्ट्रेटसाठी बसलेले असताना त्यांचं डोकं प्रचंड दुखू लागलं. बीपी ३००/१९० च्या वर गेलं आणि काही तासांत ते मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. वय ६३. तेव्हा सीटी नव्हता आणि बीपीवर धड औषधही नव्हतं. आज ती गोळी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळते. तरीही ‘मला काही त्रास होत नाही’ म्हणत आपले बाबा ती मध्येच बंद करतात. आणि आपण? डेडलाइन, सिगारेट आणि फरसाणच्या पाकिटावर जगणारे आपण तर बीपी मोजतही नाही.

तेव्हा मंडळी, तशी वेळ आलीच तर अ‍ॅस्पिरिन नको, जिभेखाली बीपीची गोळी नको, पाणीसुद्धा नको. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून घ्या. चालू औषधांची पाकिटं पिशवीत टाका, रक्त पातळ करायचं औषध असेल तर ते आधी सांगा. १०८ ला फोन करा आणि जिथे चोवीस तास सीटी चालू असतो अशाच हॉस्पिटलमध्ये न्या. ते तुमच्या घराजवळ कुठलं, हे मात्र या वीकेंडलाच शोधून ठेवा. आईबाबा गावी असतील तर त्यांच्या गावाजवळचंही.