ताप उतरला, आता तरी जागे व्हा!

डेंग्यूने मूल गेले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो: प्लेटलेट किती होत्या? या एका आकड्याच्या आंधळ्या भक्तीपायी आपण आपल्या मुलांचा घात करीत आहोत! तीव्र डेंग्यूत खरा वैरी असतो तो रक्तवाहिन्यांतून झिरपणारा रक्तद्रव. तो छातीत, पोटात साचतो, नाडी क्षीण होते, मूत्रपिंडापर्यंत रक्त पोहोचेनासे होते. कधी यकृत सुजून त्याच्या एन्झाइमचा आकडा 1000 च्या पलीकडे जातो, हृदयाचा स्नायू थकतो, मेंदूवर आघात होऊन मुलाला झटके येतात.

हे बहुधा घडते आजाराच्या 3 ते 7 व्या दिवशी, नेमके ताप उतरताना! घर निर्धास्त होते आणि पुढच्या 24 ते 48 तासांत मूल हातचे जाते. सतत उलट्या, पोटात असह्य दुखणे, हिरड्यांतून रक्त, गार पडलेले हातपाय, आटलेली लघवी, मलूलपणा. शरीर इतका आक्रोश करीत असताना आपण पपईच्या पानांचा रस काढत बसतो आणि रक्तस्राव नसतानाही प्लेटलेटच्या पिशव्यांसाठी रक्तपेढ्यांचे उंबरठे झिजवतो!

उपचाराविना तीव्र डेंग्यूचे शेकडा 20 पर्यंत रुग्ण दगावू शकतात. वेळीच ओळख आणि नीट देखरेख मिळाली तर हेच प्रमाण शेकडा 1 च्या खाली येते. मधल्या मृत्यूंना दैव म्हणणे हा ढोंगीपणा आहे! रक्त किती दाट झाले हे सांगणारी हिमॅटोक्रिट तपासणी महाग नाही. तिच्यावरूनच सलाइनचा अंदाज घ्यायचा असतो: ते कमी पडले तर मूल शॉकमध्ये जाते, जास्त झाले तर फुप्फुसांत पाणी भरते. म्हणून तासातासाला नाडी, रक्तदाब, लघवी पाहणारी परिचारिका हवी. 1996 साली दिल्लीत या रोगाने 400 हून अधिक बळी घेतले. तेव्हापासून इतके पावसाळे सरले, तरी तालुक्याच्या रुग्णालयात रात्री हिमॅटोक्रिट होत नसेल आणि लहानग्याच्या दंडाला बसणारा रक्तदाबाचा पट्टा नसेल, तर डासांवरच्या धुराच्या फवारणीची छायाचित्रे कोणाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी?

सरकारने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात पावसाळ्याआधी ही तपासणी, हा पट्टा आणि प्रशिक्षित परिचारिका चोवीस तास दिलीच पाहिजे. आणि आईबापहो, ताप उतरला तरी दोन दिवस लेकरावरची नजर हटवू नका; वरचे एक जरी लक्षण दिसताच, रात्र असो वा दिवस, रुग्णालय गाठा!