चिलापी फ्राय आणि तेलाची चौकशी

मासे खावेत ते कोकणातच, असं म्हणणाऱ्या सोलापूरकरांनी पुण्याला जाताना एकदा भिगवणला थांबावं. उजनीचं पाणी शेजारीच, त्यामुळे मासा ताजा. माझी ऑर्डर ठरलेली: चिरा दिलेली अख्खी चिलापी, तिखट-हळद-लसूण लावून कुरकुरीत तळलेली, सोबत ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू. काही जण काटे कमी म्हणून मरळ मागतात. चव मात्र चिलापीला, भले ती मूळची आफ्रिकेतली असो.

ही हॉटेलं आवडण्याचं दुसरं कारण असं, की माशाला जिबह लागत नाही. म्हणून मालक कोण, मटण कुठलं, हे आम्हाला विचारावं लागत नाही. शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर जेवायला निघालो की 'सरांचं काय?' असं कुणीतरी म्हणतं आणि माझ्यामुळे सगळे पनीरवर येतात. मासा ठरला की प्रश्नच मिटतो. (श्रावणात त्यांच्यामुळे मी पनीरवर येतो. फिट्टंफाट!)

चौकशी उरते ती तेलाची: याच कढईत चिकन तळता का? इंग्लंडमध्ये, विशेषतः यॉर्कशायरकडे, फिश अँड चिप्सची कित्येक दुकानं आजही गाईच्या चरबीत मासा तळतात. तिथे हिंदू आणि मुसलमान दोघांनाही काउंटरवर तेच विचारावं लागतं. आपल्याकडच्या मालकांनी 'मासे तळायची कढई वेगळी' एवढी पाटी लावावी. हलालची पाटी लावा, असं मी म्हणत नाही. तिच्यावरून हल्ली भांडणं होतात. कढईच्या पाटीवर कोण भांडणार? शिवाय चिकनच्या तेलात तळलेली चिलापी चिकनसारखीच लागते.