फाइल गेली, पण पोच कोण घेणार?

गोदामातून कापडाचे तागे निघाले की त्यांच्याबरोबर चलान जाते, ट्रान्सपोर्टची बिल्टी बनते आणि समोरच्याने माल उतरवून घेतला की पोचेवर सही होते. त्या सहीशिवाय माल पोहोचला असे आपल्यापैकी कोणी मानत नाही. परंतु तोच व्यापारी रोज संगणकावरून बिले व डिझाइन्स पाठवतो, तेव्हा पोच मागायचे त्याला सुचत नाही. हा विषय आता महत्त्वाचा झाला आहे, कारण फाइल पाठवण्याचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे दिले जात आहे.

ही सोय काय आहे ते आधी पाहू. संगणकात एक फोल्डर ठरवायचा. त्यावर स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या हुकुमांची छोटी यादी, नजर ठेवते. फोल्डरमध्ये नवी फाइल पडली की ती स्क्रिप्ट तिची नक्कल वकिलाच्या, प्रोसेस हाउसच्या किंवा दुसऱ्या दुकानाच्या संगणकावर पोहोचवते. यासाठी महाग सॉफ्टवेअरच लागते असे नाही. २००७ साली आलेल्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये 'रोबोकॉपी' ही सोय आयतीच असते, आणि ठरल्या वेळी काम चालवणारा टास्क शेड्युलरही असतो.

याचे फायदे खरे आहेत. मालेगावचा व्यापारी जुम्म्याच्या नमाजला गेला तरी फाइल थांबत नाही. डिझाइन व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवले तर ते दाबले जाऊन बारीक रेषा पुसट होतात. फोल्डरमार्गे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. मेहताजींचा रोजचा तासभर वाचतो. म्हणून मी या सोयीच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच की, हमाल बदलला म्हणून पोच घेण्याचे बंद करू नये.

धोके तीन आहेत. पहिला अर्धवट फाइलचा. डिझाइनची मोठी फाइल फोल्डरमध्ये उतरत असतानाच घाईची स्क्रिप्ट ती उचलते आणि पलीकडे तुटकी फाइल जाते. फाइलचा आकार वाढायचा थांबला आहे की नाही हे पाहूनच ती उचलली पाहिजे. दुसरा धोका नक्कल पुसली जाण्याचा. रोबोकॉपीत 'मिरर' नावाचा पर्याय आहे. त्यात मूळ जागेची फाइल चुकून पुसली गेली तर पुढच्या फेरीत नक्कलही पुसली जाते. लोक त्याला बॅकअप समजतात, पण तो नुसता आरसा आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. अशा वेळी आरसा त्या बिघडलेल्या फाइलीच इमानाने पुढे पाठवतो. म्हणून आठवड्यातून एकदा नक्कल घेऊन संगणकापासून काढून ठेवलेली वेगळी डिस्क हवीच.

तिसरा धोका सर्वांत मोठा, आणि तो म्हणजे गुपचूप बंद पडणे. वीज गेली, पासवर्ड बदलला, डिस्क भरली की स्क्रिप्ट थांबते आणि कोणाला सांगत नाही. पोरगा आजारी पडला तर निदान निरोप येतो. दरमहा विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याला जीएसटीआर-१ पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत द्यावे लागते. चार बिले फोल्डरातच अडकली आणि विवरणात आली नाहीत, तर गिऱ्हाइकाला त्या कराची वजावट मिळत नाही. १ जानेवारी २०२२ पासून कायदा तसाच आहे. मग गिऱ्हाईक आपले पेमेंट रोखतो. वर्षानुवर्षांचा व्यवहार एवढ्यावरून बिघडू शकतो. त्या वेळी "कॉम्प्युटरने पाठवले नाही" हे उत्तर ना गिऱ्हाईक ऐकेल, ना खाते.

आपल्या दीनने तर व्यवहाराच्या नोंदीला फार मोठे स्थान दिले आहे. कुरआन शरीफातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदारांविषयी आहे. गिऱ्हाइकाचे बिल व डिझाइन ही आपल्या हाती आलेली अमानत आहे. यंत्राच्या हवाली केली तरी जबाबदारी मालकाचीच राहते.

तेव्हा स्क्रिप्ट बसवून देणाऱ्या मुलाकडून चार गोष्टी करून घ्याव्यात. कोणती फाइल किती वाजता गेली याची नोंद स्क्रिप्टने स्वतः लिहावी. पोहोचलेली फाइल मुळाशी ताडून पाहावी. काम अडले तर मोबाइलवर संदेश यावा. आणि ही सारी मांडणी साध्या भाषेत कागदावर लिहून पेढीवर ठेवावी, म्हणजे तो मुलगा उद्या दुबईला गेला तरी आपला धंदा अडणार नाही.

मेहताजींना मात्र कमी करू नका. त्यांचा वाचलेला तास याच कामाला द्या: संध्याकाळी गल्ला मोजताना आज किती बिले बनली आणि किती पोहोचली, हे दोन आकडे त्यांनी जुळवावेत. जुळले तर दुकान बंद करावे, न जुळले तर त्याच रात्री शोध घ्यावा. पाच मिनिटांचे काम आहे, पण साख त्यावरच टिकते.