‘गाठ’ कसली, ते सांगा

आमच्या सोसायटीतल्या एक काकू परवा सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन आल्या. चेहरा उतरलेला. उजव्या किडनीत अकरा मिलिमीटरची ‘सिंपल कॉर्टिकल सिस्ट’, असं इंग्रजीत छापलेलं. कॉलेजात जाणाऱ्या नातवानं आदल्या रात्री अर्थ सांगितला होता: किडनीत गाठ आहे. काकूंच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. शेवटची ओळ होती ‘क्लिनिकल कोरिलेशन सजेस्टेड’. तिचा अर्थ नातवानं ‘क्लिनिकला दाखवा’ असा लावला. खरं तर ती ओळ काकूंसाठी नव्हतीच. पेशंटचा त्रास बघून याचा काय तो अर्थ लावा, अशी एका डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला दिलेली ती चिठ्ठी. म्हणजे पैसे मोजून काकूंनी नुसतं टपाल वाहिलं.

असे रिपोर्ट कृत्रिम बुद्धिमत्तेकडून सोप्या मराठीत करून घ्यावेत असं म्हटलं, की कपाळाला आठ्या पडतात. पहिला आक्षेप ठरलेला: समजावून सांगणं हे डॉक्टरचं काम. अगदी मान्य. पण ते होतं कुठे? २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांतल्या डॉक्टरांच्या भेटींचा आढावा आला होता. स्वीडनमध्ये पेशंटला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळत होती, आपल्याकडे जेमतेम दोन. त्या दोन मिनिटांत दुखणं सांगायचं, तपासून घ्यायचं, गोळ्या लिहून घ्यायच्या. मग रिपोर्ट समजावतं कोण? मेडिकलवाला, बँकेतला भाचा आणि यूट्यूब. यंत्राला तोलायचंच असेल तर या तिघांशी तोला.

दुसरा आक्षेप, लोक उगाच घाबरतील. अहो, घाबरलेलेच आहेत! रक्ताच्या रिपोर्टात एक आकडा ठळक असतो, शेजारी वर किंवा खाली जाणारा बाण. तो बाण बघून माणूस घरी मृत्युपत्राचा विषय काढतो. आता ही ‘नॉर्मल रेंज’ ठरते कशी? बऱ्याच चाचण्यांत निरोगी माणसांपैकी ९५ टक्के ज्या मर्यादेत बसतात, ती नॉर्मल धरतात. बाहेर राहिलेले पाच टक्केही निरोगीच. तेव्हा धडधाकट माणसानं एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. आणि सवलतीच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये चाचण्या असतात साठ-सत्तर. पाठीच्या एमआरआयचंही तेच. पाठ अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीतल्या लोकांतही सुमारे ६० टक्क्यांच्या मणक्यात ‘डिस्क बल्ज’ दिसतो, असं २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात आढळलं. एवढी एक ओळ त्या रिपोर्टखाली मराठीत असती, तर किती कमरपट्टे विकायचे राहिले असते!

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. यंत्र चुकतं, आणि चुकताना अडखळत नाही. बँकेतला भाचा निदान ‘मला वाटतं’ म्हणतो. ‘कर्करोगाचा पुरावा दिसत नाही’ यातला ‘नाही’ गळाला, डाव्याचं उजवं झालं, तर वाक्य तितकंच गुळगुळीत राहतं. त्यात आपल्या भाषेची एक अडचण. मराठीत सिस्ट म्हणजे गाठ, ट्यूमर म्हणजे गाठ, लिम्फ नोड म्हणजे गाठ, छातीत हाताला लागली ती गाठ आणि गोठलेल्या रक्ताचीही गाठ. इंग्रजीतून शब्दाला शब्द ठेवणारं यंत्र (आणि नातू) या सगळ्यांना एकाच दाव्याला बांधतं. ‘सूज’ हा शब्दही तसलाच. लिव्हरवर चरबी असो की काविळीनं ते बिघडलेलं असो, पेशंटला सांगायला सूज तयार असते. आणि इंग्रजी शब्द तसाच ठेवला तरी घोळ होतोच: बायोप्सी ‘निगेटिव्ह’ आली म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून फोनवर फोटो टाकून अर्थ विचारा, एवढ्यावर मी थांबणार नाही. त्या फोटोत नाव असतं, वय असतं, मोबाइल नंबर असतो. अगदी टाकायचाच तर वरची पट्टी झाकून टाका. पण मुळात हे काम पेशंटच्या गळ्यात का? रिपोर्ट देणाऱ्यानंच मराठी पान द्यावं. मसुदा यंत्रानं करावा, प्रत्येक मराठी वाक्याशेजारी मूळ इंग्रजी वाक्य राहावं, आणि रिपोर्टवर ज्या डॉक्टरची सही त्यानंच ते पान वाचून खाली सही करावी. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये याच वाटेनं सुरुवात केली: चाचणीचा अर्थ यंत्र लिहितं, डॉक्टर तपासतो, मगच तो मजकूर पेशंटकडे जातो. आपल्याकडचे डॉक्टर म्हणतील, एवढा वेळ कुणाला आहे? कोरं पान लिहायला वेळ लागतो. लिहिलेलं वाचून चूक खोडायला त्याच्या कितीतरी कमी. आणि तेवढाही नसेल, तर रिपोर्टवर सही करताना तरी तो होता का, हे विचारावं लागेल.

काकूंच्या किडनीत होती ती पाण्यानं भरलेली पातळ पिशवी. पन्नाशीनंतर अनेकांना असते, सहसा तिला औषधही लागत नाही. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी हे सांगितलं, अर्ध्या मिनिटात.

ज्या सेंटरमध्ये त्यांची सोनोग्राफी झाली, तिथल्या भिंतीवर ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ असा फलक मराठीत आहे. तो स्थानिक भाषेतही लावणं कायद्यानं सक्तीचं आहे म्हणून आहे. सेंटरवाल्यांनो, लॅबवाल्यांनो, सक्तीची वाट कशाला बघता? पुढच्या रिपोर्टाला एक मराठी पान जोडा, आणि त्याखाली सही करा.