दूरध्वनीच्या पलीकडे कोण आहे?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक दिवसा-रात्री केव्हाही फिरवावा आणि आपल्या भाषेत समुपदेशकाशी बोलावे, अशी ही योजना. दोन वर्षांनी त्याच दिवशी तिचे ॲपही आले. तेव्हापासून सरकारी प्रवक्ते असे बोलू लागले आहेत की जणू तरुणांच्या मनोव्यथेचा प्रश्न आता केवळ मोबाइल हाती असण्या-नसण्याचा उरला आहे.

आपल्या काही मित्रांची प्रतिक्रिया याच्या अगदी उलट, आणि माझ्या मते तितकीच चुकीची आहे. एका अभ्यासवर्गात एक तरुण कार्यकर्ता मला म्हणाला, “सर, मनाचे आजार हे मध्यमवर्गाचे चोचले आहेत, बेकारी संपवा, आजार संपतील.” या भाबड्या अर्थनियतिवादाला मीही एके काळी बळी पडलो होतो. वसतिगृहातील माझा एक विद्यार्थी वर्गात येईनासा झाला, तेव्हा शुल्क थकले असेल असे समजून मी शुल्कमाफीचा अर्ज त्याच्या खोलीवर पाठवून दिला. माणूस म्हणून मी गेलो नाही. पुढच्या सत्रात तो हयात नव्हता. शुल्क खरोखरच थकलेले होते. पण तेवढेच नव्हते. त्या काळी मध्यरात्री फिरवता येईल असा एखादा क्रमांक असता तर तो वाचला असता की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु असा क्रमांक निरुपयोगी आहे असे म्हणण्याचा अधिकार मी स्वतःला देणार नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वयोगटातील ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार असल्याचे आढळले. ती पाहणी बारा राज्यांत झाली; फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेणारे आपले राज्य त्यांत नव्हते. देशात दर लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ एकसुद्धा नव्हता, हिशेब ०.७५ असा निघाला.

ग्यानबाची मेख इथे आहे. टेलि-मानसची रचना दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीवर समुपदेशक ऐकून घेतो; गरज भासली तर दुसऱ्या पायरीवर तज्ज्ञाशी गाठ घालून देतो, प्रत्यक्ष उपचारासाठी जवळच्या केंद्रात पाठवतो. दूरध्वनी मागणीला वाट करून देतो, पुरवठा निर्माण करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजेल. महाराष्ट्रात प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. धडगाव किंवा भामरागडच्या मुलीला फोनवर “तज्ज्ञाला दाखवा” असे सांगितले, तर तिने कुठली एस.टी. धरावी? शिवाय तो फोन तिचा असेलच असेही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. घरच्यांचा जाच सांगायचा तो घरच्यांच्याच फोनवरून, अशी ही सोय आहे.

आणि या योजनेवर तरी सरकारची निष्ठा किती? २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तिला सुमारे १३४ कोटी रुपये दाखवले गेले. सुधारित अंदाजात ते ६५ कोटींवर आले आणि पुढच्या वर्षीची तरतूद ९० कोटींची झाली. राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालील बहुसंख्य नेमणुका कंत्राटी असतात हे आपल्याला ठाऊक आहेच. उद्याच्या नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाने रात्री दोन वाजता दुसऱ्याला भविष्याची आशा द्यावी, ही अपेक्षा क्रूर आहे.

सरकारने रिकामी ठेवलेली जागा बाजार भरून काढतो. खाजगी ॲपवाल्या कंपन्यांना तरुणांची व्यथा हा कच्चा माल आहे. अमेरिकेतील ‘बेटरहेल्प’ या कंपनीने ग्राहकांना गुप्ततेचे वचन दिले आणि त्यांची माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली. २०२३ साली तेथील व्यापार आयोगाने तिच्याकडून ७८ लाख डॉलर वसूल केले. समुपदेशकापुढे उघडलेले मन जाहिरातदाराच्या खतावणीत जाऊन बसते, यापेक्षा क्रयवस्तूकरणाचे आणखी कोणते उदाहरण हवे?

म्हणून १४४१६ ला विरोध करणे ही आपली भूमिका असू शकत नाही. तो क्रमांक जिथे जाऊन थांबतो, तिथून आपले काम सुरू होते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम १८ आपल्या कार्यकर्त्यांनी मुळातून वाचावे. मानसिक उपचार मिळणे हा त्यात हक्क मानला आहे. मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे आणि किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसावा असेही म्हटले आहे. या तरतुदीवर आपण एक तरी मोर्चा काढला आहे काय? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा सामाजिक कार्यकर्ता नेमण्यास सांगितले. आपल्या तालुक्यातील किती महाविद्यालयांनी तो नेमला, एवढी यादी करायला एक आठवडा पुरतो. ती यादी आणि माहितीच्या अधिकारात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे मनोविकारतज्ज्ञांच्या मंजूर व भरलेल्या पदांविषयी विचारणा करणारा अर्ज, या दोन गोष्टी प्रत्येक तालुका शाखेने येत्या महिन्यात कराव्यात. अर्जाचा मसुदा मी करून देईन.