बिऱ्हाड हलवताना

दिवाळीची साफसफाई चालली होती. मी माळ्यावरची पुस्तके झटकीत होतो, तोच आमचा भाचा शिडीखाली येऊन उभा राहिला. "मामा, तासभर माझ्याजवळ बसता का? बिटकॉइन हलवायचे आहेत."

वाचकहो, मी पडलो मराठीचा मास्तर. पैशाच्या बाबतीत आमच्या घरात माझा सल्ला कोणी घेत नाही. पण हे पैसे त्याच्या तीन वर्षांच्या पगारातून उरलेले, धाकट्या बहिणीच्या शिक्षणासाठी राखलेले. ज्या वॉलेटातून तो ते हाताळी, त्याची देखभाल कर्त्यांनी थांबवली होती. तेव्हा उतरलो आणि बसलो.

पहिला धक्का हा, की वॉलेटात पैसे नसतातच! २००९ साली सुरू झालेल्या या चलनाची खातेवही जगभरच्या संगणकांवर उघडी असते. आपल्याजवळ असते ती फक्त गुप्त किल्ली. ती पुन्हा घडवता यावी म्हणून बहुतेक वॉलेटे बारा किंवा चोवीस शब्द देतात. २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. अशी यादी जपानीत आहे, झेकमध्येही आहे, मराठीत नाही. मला अंमळ वाईट वाटले.

"मग तेच शब्द नव्या वॉलेटात घाल, झाले!" मी म्हणालो.

"कधी कधी चालते. पण सगळ्यांची पद्धत एक नसते. इलेक्ट्रमचे शब्द दुसरीकडे सहसा चालत नाहीत. शिवाय जुने शब्द कोणाच्या नजरेस पडले असले, तर चोरही आपल्यामागून नव्या घरात येतो. त्यापेक्षा नवी किल्ली करावी आणि पैसे तिकडे पाठवावेत. थोडे शुल्क पडेल, पडू दे."

नवे शब्द तो कागदावर उतरवीत असता मी तोंड फिरवून बसलो. फोटो काढायचा नाही, कोणाला कळवायचे नाही. मदतनीस म्हणून कोणी ते विचारले, तर तो चोरच समजायचा. मग पठ्ठ्याने ते नवेकोरे वॉलेट पुसून टाकले आणि कागदावरून पुन्हा उभे करायला घेतले. शब्द जुळेनात! बाकीचे झाकून त्याने एकच मला दाखवला. 'वर्ड' की 'वर्क'? उत्तरपत्रिकांवर मुरलेल्या डोळ्यांनी मी 'वर्ड' म्हणालो, आणि जुळले. पैसे आत गेल्यावर फोन बिघडला असता, तर त्या अक्षरापायी किती जिवाची घालमेल! पण एक शब्द माझ्या कानी पडला म्हणून त्याने बाराही नवे घेतले, सुवाच्य लिहिले आणि परीक्षा पुन्हा दिली.

आता पत्ता. बेचाळीस अक्षरांचा. नक्कल करताना मधल्यामध्ये पत्ता बदलणारे विषाणू असतात, म्हणून आम्ही तो मुद्रितासारखा अक्षर न् अक्षर ताडून पाहिला.

"टाकू का सगळे?" त्याचा अंगठा थबकला. गेलेले पैसे परत बोलावणारी बँक इथे नाही.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "आधी बादल्या पाठव रे."

चाळ सोडताना तिने टेम्पोच्या पहिल्या खेपेला नुसत्या बादल्या नि केरसुण्या धाडल्या होत्या. टेम्पो बिनबोभाट परत आला, तेव्हा कुठे चांदीची भांडी चढली.

त्याने अगदी थोडी रक्कम पाठवली. त्या खातेवहीचे नवे पान सरासरी दहा मिनिटांनी लिहिले जाते. सहा पाने होईपर्यंत आम्ही थांबलो. तेवढ्यात चकल्यांचे दोन घाणे निघाले. मग उरलेले गेले. तेही पोचले.

कागद पाकिटात घालून त्याने ते कुठेसे ठेवले, आणि बहिणीला फोन लावून जागा तेवढी सांगितली. "मला काही झाले तर..."

"शुभ बोल!" म्हणत आईने त्याच्या हातावर गरम चकली ठेवली.